जावा, जावास्क्रिप्ट आणि सीमेवरचा दाखला

संगणकाच्या भाषांमध्ये नावावरून नाते ओळखायला जाऊ नये. जावा आणि जावास्क्रिप्ट ही नावे ऐकली की एक थोरली आणि दुसरी तिचीच धाकटी बहीण असावी असे वाटते. दोघी १९९५ सालीच लोकांसमोर आल्या, हे खरे. पैकी जावा ही सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून खपून तयार केलेली भाषा. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभा केला. तिचे आधीचे नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट. त्या वर्षी जावाचा मोठा बोलबाला होता, म्हणून डिसेंबरात सन आणि नेटस्केप यांनी मिळून तिचे नाव जावास्क्रिप्ट ठेवले. बाजाराकडे पाहून केलेले हे बारसे. महिरपी कंस, अर्धविरामाने संपणाऱ्या ओळी अशी वरवरची धाटणी सारखी दिसते. स्वभाव मात्र फार वेगळे.

तरीही या दोघींना तेव्हापासून आजवर एकमेकींशी बोलावे लागत आले आहे. जावात लिहिलेल्या आज्ञावलीला कधी नकाशा दाखवायचा असतो, कधी आलेख काढायचा असतो, आणि ते काम जावास्क्रिप्टमध्ये कोणीतरी आधीच उत्तम करून ठेवलेले असते. मग तिला हाक कशी मारायची? पलीकडून आलेले उत्तर आपल्याला हवे त्याच जातीचे आहे हे कशावरून ठरवायचे? आणि नसेल तर ते कोणाच्या लक्षात येणार? अशाच एका सीमेवरच्या गफलतीने १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचलेले एक यान गमावले गेले. त्याकडेही आपण येणार आहोत.

प्रकार आणि दाखला

भौतिकशास्त्राच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना बजावतो, की पाच मीटरमध्ये तीन किलोग्रॅम मिळवता येत नाहीत. गणित सोडवण्यापूर्वी एकके पाहा, निम्म्या चुका तेथेच सापडतील. संगणकाच्या भाषेतील ‘प्रकार’ हे काहीसे असेच काम करतात. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरमालिका, विद्यार्थ्याची नोंद असे हे प्रकार. जावात प्रत्येक चलाचा प्रकार आधीच ठरलेला असतो. आज्ञावलीचे यंत्राला समजेल अशा रूपात भाषांतर करणारा कंपायलर सगळे प्रकार ताडून पाहतो आणि मेळ बसला नाही तर भाषांतरच नाकारतो. चूक आज्ञावली चालण्यापूर्वी हाती लागते.

जावास्क्रिप्टमध्ये चलाला प्रकार नसतो, त्यात ठेवलेल्या मूल्याला असतो. एकाच चलात आत्ता संख्या, घटकाभराने अक्षरमालिका ठेवता येते. विद्यार्थ्याच्या नोंदीत ‘नाव’ हा रकाना आहे आणि आपण जुन्या वळणाने अनुस्वार देऊन ‘नांव’ मागितले, तर जावाचा कंपायलर तेथेच अडवील. जावास्क्रिप्ट तक्रार करणार नाही. ती शांतपणे ‘अनडिफाइन्ड’ नावाचे एक मूल्य हाती ठेवील, आणि ते मूल्य आज्ञावलीत कोठे कोठे फिरून कोठे अपघात करील याचा नेम नाही. आणखी एक साधा फरक: सातला दोनने भागा. जावात दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ३. जावास्क्रिप्टमध्ये ३.५, कारण तिथे रोजच्या वापरातली संख्या एकाच जातीची, दशांशाची.

आता ‘इंटरफेस’. जावातला इंटरफेस म्हणजे कामांची एक यादी. कामाचे नाव काय, त्याला कोणत्या प्रकारची मूल्ये द्यायची, कोणत्या प्रकारचे उत्तर परत मिळेल, एवढेच त्यात असते. काम कसे करायचे याविषयी सहसा काही नसते.

शिक्षकांना हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून चटकन पटेल. मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाते तेव्हा तेथील मुख्याध्यापक दाखला पाहतात. जन्मतारीख, इयत्ता, शेवटच्या परीक्षेचा निकाल. त्यावर विश्वास ठेवून मुलाला आठवीत बसवतात. मुलाला खरोखर सातवीचे गणित येते का, हे दाखल्याच्या कागदावरून दिसत नाही. कागद नीट भरलेला आहे की नाही एवढेच दिसते. जावाने जावास्क्रिप्टला हाक मारण्याचा सगळा इतिहास म्हणजे हा दाखला कोणी लिहायचा, कोणत्या कागदावर, आणि तो कोणी तपासायचा, याचा इतिहास आहे.

प्रश्न जुनाच

हा प्रश्न या दोन भाषांनी निर्माण केलेला नाही. केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्याच्यासाठी तयार उपआज्ञावलींचा संग्रह केला. वर्गमूळ काढणे, साइन-कोसाइन काढणे यांसारखी कामे भोके पाडलेल्या कागदी फितींवर नोंदून त्या फिती पोलादी कपाटात ठेवल्या जात. ‘लायब्ररी’ हा शब्द आज संगणकक्षेत्रात ज्या अर्थाने रूढ आहे तो इथे अगदी शब्दशः लागू होता. प्रत्येक फितीबरोबर माहिती असे: संख्या कोठे ठेवायची, उत्तर कोठे सापडेल, किती जागा लागेल. हा इंटरफेसचा पूर्वजच. फक्त तो वाचणारा आणि पाळणारा माणूस होता, यंत्र नव्हे.

पुढे १९५७ मध्ये फोर्ट्रान आली आणि १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून उपआज्ञावली वेगळ्या भाषांतरित करून नंतर जोडता येऊ लागल्या. सोय मोठी होती, पण कंपायलरला एका वेळी एकच तुकडा दिसे. एका बाजूने दुप्पट अचूकतेची संख्या पाठवायला हवी असताना साधी पाठवली, तर कोणी हटकत नसे. पलीकडची आज्ञावली तेच बिट आपल्या समजुतीने वाचून भलतीच संख्या घेई. संशोधनात फोर्ट्रान वापरणाऱ्या कोणालाही विचारा, एखादी रात्र या दुखण्यात गेल्याचे सांगेल. फोर्ट्रान-९० मध्ये यावर उपाय म्हणून ‘इंटरफेस’ नावाचा मजकूर लिहिण्याची सोय आली. मात्र बाहेरची उपआज्ञावली खरोखर त्या मजकुराप्रमाणे आहे का, हे पाहणे कंपायलरवर बंधनकारक नव्हते. दाखला आला, तपासनीस आला नाही.

मधल्या कालखंडातील इतर भाषांची कथा याहून फार निराळी नाही, म्हणून ती सोडून देऊ.

पहिली हाक

नेटस्केपच्या ब्राउझरची तिसरी आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. तीत ‘लाइव्हकनेक्ट’ नावाची सोय होती. त्या काळी वेबपानांत जावाचे छोटे कार्यक्रम चालत, त्यांना अ‍ॅपलेट म्हणत. लाइव्हकनेक्टमुळे अ‍ॅपलेटला पानावरच्या जावास्क्रिप्टला हाक मारता येऊ लागली. पद्धत अशी: ज्या फंक्शनला बोलवायचे त्याचे नाव अक्षरमालिका म्हणून द्यायचे, सोबत मूल्यांची एक मोळी द्यायची. परत येई ती नुसती ‘वस्तू’. तिच्या प्रकाराविषयी ब्र नाही. ती संख्या आहे असे समजून जावा आज्ञावलीने पुढे जायचे. समज चुकीची निघाली तर आज्ञावली चालता चालता कोलमडे.

थोडक्यात, जावाचा कंपायलर इथे आंधळा होता. नाव अवतरणचिन्हांत लिहिलेले, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो केवळ मजकूर. त्यात ‘नाव’ लिहा की ‘नांव’, त्याला सोयरसुतक नाही. जी काळजी जावाच्या मंडळींनी चार वर्षे घेतली होती ती सीमेवर येताच गळून पडत होती.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, नेटस्केप आपला ब्राउझर पूर्णपणे जावात लिहिण्याचा बेत आखत होती. त्या ब्राउझरला जावास्क्रिप्ट चालवता यायला हवी, म्हणून जावास्क्रिप्ट चालवणारे एक इंजिन जावात लिहिण्यात आले. बेत बारगळला, इंजिन उरले. ‘राइनो’ हे त्याचे नाव. ओराइली प्रकाशनाच्या जावास्क्रिप्टवरील प्रसिद्ध पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेंडा होता, त्यावरून ते पडले. हे इंजिन डिसेंबर २००६ मध्ये जावाच्या सहाव्या आवृत्तीबरोबर घरोघर पोचले आणि त्यासोबत आपल्या विषयातली पहिली खरी सुधारणाही आली.

जावात आपला इंटरफेस लिहायचा. मग इंजिनाला सांगायचे, ‘या यादीतली कामे तुझ्याकडच्या जावास्क्रिप्ट फंक्शनांकडून करून दे.’ इंजिन एक वस्तू हाती देते. ती बाहेरून अस्सल जावाची, त्या इंटरफेसचे सर्व प्रकार पाळणारी. आपण तिला जावाच्या रीतीने काम सांगतो, ती आत जावास्क्रिप्टला हाक मारते. यामागची युक्ती जावात २००० सालच्या १.३ आवृत्तीपासून होती. आज्ञावली चालू असतानाच अशी एक तोतया वस्तू तयार करता येते, की तिला सांगितलेले कोणतेही काम एकाच टपालपेटीत पडते: कामाचे नाव आणि दिलेली मूल्ये. पेटी उघडून पुढे काय करायचे ते इंजिनाने ठरवायचे.

फायदा काय झाला? आता इंटरफेसच्या अलीकडची सगळी जावा कंपायलरच्या नजरेखाली आली. ‘नांव’ लिहिणारा पुन्हा पकडला जाऊ लागला. शिवाय सीमेवर एक कारकून बसला. पलीकडून संख्या आली आणि इंटरफेसने अक्षरमालिका म्हटले असेल, तर तो रूपांतर करून देई. इंटरफेसमधले एखादे फंक्शन पलीकडे मुळात नसेल, तर इंजिन वस्तूच देत नसे. मात्र कारकुनाला नाव पाहता येई, प्रकार नव्हे, कारण जावास्क्रिप्टचे फंक्शन आपण काय घेणार नि काय देणार हे कोठे लिहूनच ठेवत नाही.

राइनोची जागा २०१४ मध्ये जावा-८ बरोबर ‘नॅशहॉर्न’ने घेतली. जर्मन भाषेत त्याचा अर्थ गेंडाच. ते इंजिनही २०२० मध्ये जावा-१५ मधून काढून टाकण्यात आले. जावास्क्रिप्ट भाषा इतक्या वेगाने वाढत होती, की तिच्या मागे धावणे झेपेना.

टिपेत लपवलेली भाषा

दुसरी शाखा अधिक रंजक आहे. इथे दोघींची भेट जावाच्या घरी नव्हे, जावास्क्रिप्टच्या घरी होते.

जीमेल २००४ मध्ये आणि गुगल मॅप्स २००५ मध्ये आले आणि ब्राउझरमध्ये केवढी मोठी आज्ञावली चालू शकते हे लोकांना दिसले. पण ब्राउझरला कळे फक्त जावास्क्रिप्ट. हजारो ओळींची जावास्क्रिप्ट सांभाळणे, तेही प्रत्येक ब्राउझरच्या लहरी सांभाळत, हे काम जिकिरीचे होते. गुगलच्या ब्रूस जॉन्सन आणि जोएल वेबर यांनी उलटा विचार केला: लिहायचे जावात, कंपायलरकडून प्रकार तपासून घ्यायचे आणि मग सगळ्याचे जावास्क्रिप्टमध्ये भाषांतर करायचे. मे २००६ मध्ये हे साधन ‘गुगल वेब टूलकिट’ या नावाने जाहीर झाले.

तरी जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ऱ्यांची गरज संपली नाही. नकाशा तर तिथलाच हवा. मग जावाच्या मजकुरात जावास्क्रिप्ट लिहायची कशी? जावाचा नेहमीचा कंपायलर तिची एक ओळही स्वीकारणार नाही. यावरची तोड मला फार आवडते. जावात ‘नेटिव्ह’ हा एक राखीव शब्द आहे. ‘या कामाचा देह दुसऱ्या भाषेत, दुसरीकडे आहे’ असा त्याचा अर्थ, मुळात सी भाषेसाठी ठेवलेला. आणि प्रत्येक भाषेत असते तशी जावातही टीप लिहिण्याची सोय आहे, जी कंपायलर वाचतच नाही. टूलकिटच्या कर्त्यांनी कामाचे नाव आणि प्रकार ‘नेटिव्ह’ म्हणून जावात लिहिले आणि जावास्क्रिप्टचा देह शेजारी टिपेत ठेवला. जावाच्या दृष्टीने ती टीप, टूलकिटच्या दृष्टीने तोच मुख्य मजकूर. वहीच्या समासात लिहिलेले उत्तर फक्त ज्याला ठाऊक आहे त्याने वाचावे, तसा हा प्रकार.

ही पद्धत चालली, पण प्रत्येक कामासाठी अशी टीप लिहायची म्हणजे वेठबिगारीच. शंभर कामांच्या लायब्ररीसाठी शंभर टिपा. त्यात २००८ मध्ये एक सुधारणा झाली. जावास्क्रिप्टमधल्या मूळ वस्तूवर जणू पारदर्शक कागद ठेवावा तसा जावाचा एक वर्ग ‘चढवता’ येऊ लागला. नवी वस्तू बनत नाही, नक्कल होत नाही, वेळ जात नाही. तीच वस्तू जावाला प्रकारासह दिसू लागते. अखेर ऑक्टोबर २०१६ मधील २.८ आवृत्तीत टिपाही गेल्या. इंटरफेसवर एक चिठ्ठी लावायची: ‘ही गोष्ट बाहेर, जावास्क्रिप्टमध्ये, अमुक नावाने आहे. हिचा देह शोधू नकोस.’ बस्स. जावाचा प्रोग्रामर जावास्क्रिप्टची एक ओळही न लिहिता तिची लायब्ररी वापरू शकतो, आणि कंपायलर प्रत्येक पायरीवर त्याचा हात धरतो.

ऐकायला हे फारच गोड वाटते. म्हणूनच इथे थांबून नीट पाहायला हवे. राइनोच्या वेळी सीमेवर कारकून होता. इथे अलीकडची जावा आणि पलीकडची लायब्ररी दोन्ही शेवटी जावास्क्रिप्टच होतात, सीमाच पुसली जाते आणि कारकुनाची खुर्चीही जाते. वेग त्यातूनच मिळतो. परंतु इंटरफेसमध्ये ‘उत्तर पूर्णांक’ असे लिहिले आणि लायब्ररीने ३.५ दिले, तर जावाच्या पूर्णांक चलात ३.५ जाऊन बसतात. जावाच्या नियमांनुसार ही गोष्ट अशक्य आहे. कंपायलरने पुढची सगळी रचना ती अशक्य आहे असे धरून केलेली असते.

टूलकिटच्या सुरुवातीच्या रचनेत हा धोका ओळखलेला होता. आज्ञावली बनवत असताना वापरायच्या चाचणीच्या अवस्थेत सीमेवर तपासणी होई आणि चुकीचा प्रकार आला तर स्पष्ट तक्रार येई. लोकांना वापरायला दिलेल्या अंतिम रूपात मात्र ही तपासणी नसे. सरावाला पंच, सामन्याला पंच नाही!

संख्यांच्या बाबतीत आणखी एक खोल खड्डा होता. जावाचा ‘लाँग’ पूर्णांक ६४ बिटांचा. जावास्क्रिप्टची संख्या सलग सर्व पूर्णांक अचूक धरते ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत. त्यात एक मिळवून पाहा, उत्तर तेच राहते. म्हणून टूलकिटने लाँग संख्या तुकडे करून सांभाळल्या आणि त्या सीमेपलीकडे पाठवायला सरळ मनाई केली. ही भीती पुस्तकी नव्हती. ट्विटरने २०१० मध्ये संदेशांना ६४ बिटांचे क्रमांक द्यायला घेतले, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदलू नयेत म्हणून तोच क्रमांक अक्षरमालिकेच्या रूपातही पाठवावा लागला.

दाखले किती खरे?

या सुमारास दाखले लिहिण्याचे काम गुगलपुरते राहिले नव्हते. मायक्रोसॉफ्टमध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांच्या पुढाकाराने तयार झालेली टाइपस्क्रिप्ट भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली. जावास्क्रिप्टवरच प्रकारांची झूल चढवलेली ही भाषा. तिच्यातही जुन्या लायब्ऱ्या वापरायच्या तर त्यांचे इंटरफेस कोणीतरी लिहायला हवेत. हे काम हौशी प्रोग्रामरांनी वाटून घेतले आणि हजारो लायब्ऱ्यांचे दाखले एका सामाईक साठ्यात जमा झाले. लिहिणारे बहुतेकदा लायब्ररीचे कर्ते नव्हेत. मुलाच्या शाळेने नव्हे, शेजाऱ्याने दाखला लिहावा तसे.

ते कितपत खरे होते? डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातील अ‍ॅस्गर फेल्टहाउस आणि अँडर्स म्युलर यांनी २०१४ मध्ये ते तपासून पाहिले. त्यांच्या साधनाची रीत अशी: लायब्ररी प्रत्यक्ष चालू करायची, स्मृतीत कोणकोणत्या वस्तू उभ्या राहिल्या त्यांचे जणू छायाचित्र घ्यायचे, ते इंटरफेसशी ताडायचे आणि मग फंक्शनांच्या देहाचे विश्लेषण करायचे. दहा लायब्ऱ्यांच्या दाखल्यांत १४२ चुका निघाल्या. लोकांच्या रोजच्या वापरातल्या लायब्ऱ्यांमध्ये, प्रकारांची शिस्त आवडणाऱ्या मंडळींनी लिहिलेल्या दाखल्यांत!

चुकीचा दाखला हा दाखला नसण्यापेक्षा एका अर्थी वाईट, असे माझे मत आहे. दाखला नसेल तर माणूस सावध असतो. असेल तर कंपायलर ‘ठीक आहे’ म्हणतो आणि शंका घेणारा उरत नाही.

मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट इथे सांगायला हवी. नासाचे हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले. यानाच्या छोट्या रॉकेटांनी दिलेला आवेग पृथ्वीवरची एक आज्ञावली काढी आणि फाइलमध्ये लिही; मार्ग ठरवणारी दुसरी आज्ञावली ती फाइल वाची. दोन्हींमधल्या करारपत्रात एकक स्पष्ट लिहिलेले होते: न्यूटन-सेकंद. पहिली आज्ञावली लिहीत होती पौंड-बल-सेकंद. गुणक सुमारे ४.४५. फाइलमध्ये नुसत्या संख्या, आणि संख्येच्या जागी संख्याच आलेली, त्यामुळे प्रकार जुळत होते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटर इतक्या जवळून गेले आणि नष्ट झाले. तिथे जावा नव्हती, जावास्क्रिप्टही नव्हती. करार होता, तो बरोबर होता, आणि पलीकडची बाजू तो पाळते का हे सीमेवर कोणी पाहत नव्हते.

मग सीमेवर सतत तपासावे का? संख्या आली तर पाहणे सोपे. पण जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्या पुष्कळदा फंक्शनच मागतात किंवा देतात: ‘माउसची कळ दाबली की हे काम कर.’ फंक्शन सीमेवर तपासता येत नाही. धनादेश हाती आला तरी तो वटेल की नाही हे बँकेत भरल्यावरच कळते, तसे त्याचे वागणे हाक मारल्यावरच कळते. रॉबर्ट फिंडलर आणि मथायस फेलायझन यांनी २००२ मध्ये यावर एक मार्ग दाखवला. फंक्शन सीमा ओलांडताना त्याला पाकिटात घालायचे. पुढे केव्हाही हाक मारली की पाकीट आत जाणारे आणि बाहेर येणारे मूल्य तपासते, आणि करार मोडला तर तो कोणत्या बाजूने मोडला तेही सांगते. दोष नेमका कोणाचा हे ठरवणे हा या कामाचा गाभा. खर्च मात्र वेळेचा, आणि वेळेसाठीच तर सीमा पुसली होती.

कारकून परत येतो

गुगल शीट्स या कोष्टकाच्या आज्ञावलीचे गणित करणारे इंजिन २००६ मध्ये जावात लिहिलेले होते आणि ते दूरच्या यंत्रावर चाले. २०१३ मध्ये ते टूलकिटच्या मार्गाने जावास्क्रिप्ट होऊन ब्राउझरमध्ये आले. अलीकडे हेच जावा इंजिन वेबअसेंब्लीत भाषांतरित केले जाते. वेबअसेंब्ली ही ब्राउझरमध्ये चालणारी, यंत्रभाषेच्या जवळची भाषा. तिला कचरा-स्मृती गोळा करण्याची जोड मिळाल्यावर, २०२३ पासून, जावासारख्या भाषांना ती सोयीची झाली. इथे सीमा पुन्हा खरी आहे. बाहेरून घ्यायच्या प्रत्येक जावास्क्रिप्ट फंक्शनाचे प्रकार लिहावे लागतात आणि सीमेवर नियमाने रूपांतर होते. ६४ बिटांच्या पूर्णांकाच्या जागी साधी जावास्क्रिप्ट संख्या आली तर ती तिथेच नाकारली जाते. ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या जागी ३.५ आले तर ३ होऊन आत जातात. कारकून परत आला आहे, पण त्याचा एक शिक्का अजून फार उदार आहे.

किती उदार, ते आपल्याच अंकांवरून पाहता येईल. समजा, गुणपत्रकाच्या आज्ञावलीत शिक्षकांनी रकान्यात देवनागरी ‘७’ भरले. अक्षरमालिकेतून पूर्णांक काढणारे जावाचे फंक्शन युनिकोडमधले देवनागरी अंक ओळखते आणि सात ही संख्या देते. जावास्क्रिप्टचे संख्या काढणारे फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी ‘७’ दिला तर ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. गंमत अशी, की हे उत्तर प्रकाराने संख्याच गणले जाते. दोन्ही फंक्शनांचा इंटरफेस लिहायला घेतला तर ओळ तीच: अक्षरमालिका द्या, संख्या घ्या. जावातून वेबअसेंब्लीत गेलेल्या आज्ञावलीने ते उत्तर ३२ बिटांचा पूर्णांक म्हणून मागितले, तर सीमेवर ‘नॅन’चे शून्य होते. विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य लागते, आणि एकही कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.